साळुंके सरांची जोडवी

साळुंके सरांनी स्टाफरूममध्ये पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या शाळेत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, सरांना दमा लागलाय आणि डॉक्टरांनी व्यायाम दिलाय. दुसऱ्या तटाचं म्हणणं, निवृत्ती जवळ आली की माणसाचं असं काहीतरी व्हायचंच. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं. सर फुंकणी मारायला शिकत होते, सोनाराची फुंकणी. नाकानं श्वास घेत राहायचं आणि त्याच वेळी तोंडानं फुंकत राहायचं. मध्ये खंड पडला की ज्योत मान टाकते. ते जमावं म्हणून आधी पाण्यात बुडबुडे काढायचे, आणि ते थांबू द्यायचे नाहीत. सरांचे थांबत. मग ठसका लागे, शर्टावर पाणी सांडे, आणि ते इकडेतिकडे बघून मला हळूच म्हणत, "प्रगती आहे, बाई."

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचे, सर भूगोल. फळ्यावर खडू न उचलता भारताचा नकाशा काढायचे. कच्छपासून निघायचे, काश्मीरला वळसा घालून पूर्वेकडच्या सगळ्या वेड्यावाकड्या सीमा न अडखळता पार करायचे आणि कन्याकुमारीवरून कोकणात शिरून पुन्हा कच्छला यायचे. मुलं टाळ्या वाजवायची. मी चित्रकलेची बाई, पण मला ते कधी जमलं नाही आणि त्याचा मला मत्सर वाटायचा. श्रीलंकेसाठी मात्र खडू उचलावा लागे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

माणूस उंच, मिशा जाड, कपडे पांढरेशुभ्र. वाळूजच्या बाजूला घरची मोठी शेती होती, आणि नोकरी करत असले तरी चालणं जमीनदाराचंच होतं. बोलायला लागले की पहिलं वाक्य ठरलेलं: "मुद्दा असा आहे." मुलाला रागावतानासुद्धा, "मुद्दा असा आहे, की तू गाढव आहेस." भूगोलाचे शिक्षक म्हणून त्यांनी आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही. त्यामुळे गुलमंडीमागच्या गल्ल्यांत ते हमखास हरवत, आणि एकाच पानाच्या ठेल्यावरून पुन्हापुन्हा गेलो तरी "हा शॉर्टकट आहे" असं मला सांगत. 'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. गुणांची बेरीज चुकली तर ते म्हणायचे, "दुरुस्ती आहे."

अशा माणसाला दागिने घडवायला शिकायचं होतं. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचा हात चांगला आहे. चांदीकाम कुठं शिकवतात, काही माहिती?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

सरांना एक मोठी बहीण होती. ते तिला आक्का म्हणत. आई लवकर गेली होती, त्यामुळे सरांना न्हाऊमाखू घालून शाळेत धाडायचं काम आक्कानंच केलेलं. लग्न होऊन ती सिल्लोडकडं एका खेड्यात गेली. पुढं वाळूजला कारखाने यायला लागले, जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, आणि कागदावर बहिणीचीही सही लागली, माझा हक्क नाही अशी. सरांनी तो कागद एका ओळखीच्या माणसाच्या हाती आक्काकडं पाठवून दिला. स्वतः गेले नाहीत. दहावीचे पेपर तपासायला आले होते म्हणे. आक्कानं कागद वाचलासुद्धा नाही. सही केली, त्या माणसाला पोटभर जेवू घातलं आणि जाताना निरोप दिला, "त्याला म्हणावं, तू आला असतास तरी मी सहीच केली असती. आता येऊ नको."

त्यानंतर आक्का सरांशी बोलली नाही. राखी आली नाही, दिवाळीचं येणंजाणं राहिलं नाही. थोरल्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मामानं द्यायची म्हणून सरांनी सराफ्यातून चांदीची जोडवी घेतली आणि पुन्हा त्याच माणसाच्या हाती पाठवली. पायाच्या बोटांतली ती वळी आमच्याकडं नवरीला मामाच देतो. जोडवी ज्या डबीत गेली त्याच डबीत परत आली. आता धाकटी भाची, सुनीता, लग्नाला आली होती.

"विकत आणलेलं परत करता येतं, बाई," सर म्हणाले. "मामानं स्वतः केलेलं कसं परत करतील?"

मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा सरळ एसटीत बसून आक्कांकडं जाऊन या ना."

त्यांनी माझ्याकडं नापास मुलीकडं बघावं तसं बघितलं. "हात हलवत जाऊ?"

तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. आता येत नाही. काही माणसांना नुसतं दारात जाऊन उभं राहणं हीच सगळ्यात अवघड विद्या असते, आणि तिच्यापेक्षा दुसरी कुठलीही विद्या शिकणं त्यांना सोपं वाटतं.

मग आम्ही शोधाशोध केली. सरांनी आधी ग्रंथालयातून धातुकामावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसावं तसं लाल-निळ्या रेघा मारून वाचलं. व्याख्या पाठ झाल्या, पण घरी बायकोच्या गॅसवर तांब्याची तार तापवून नुसती काळी झाली, वर दूध नासलं ते वेगळंच. आयटीआयमध्ये गेले तर तिथं वेल्डर होता, टर्नर होता, फिटर होता. चांदी नव्हती, आणि सरांचं वय ऐकून कारकून उठून उभा राहिला. सराफ्यातले कारागीर म्हणाले, "आमचीच पोरं शिकेनात, मास्तर. तुम्ही कशापायी हात भाजून घेता?" शेवटी माझ्या ओळखीनं उदावंतकाका सापडले.

काकांची खोली गुलमंडीपासून जवळच एका बोळात होती. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे हिशेब उर्दूत करायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे. नम्रपणा त्यांच्या गावी नव्हता. शहरातल्या यच्चयावत सोनारांचं काम कसं भिकार आहे, हे ते पहिल्या चहालाच सांगून टाकत. त्यांचे दोन्ही मुलगे कंपनीच्या बसनं वाळूजला शिफ्टला जायचे. म्हणजे सरांच्या जमिनीवर आता काकांची मुलं मशीन चालवत होती आणि सर काकांच्या शेगडीसमोर बसायला आले होते. हे काकांच्याच लक्षात आलं आणि ते खूप हसले. सरही थोडंसं हसले.

पहिल्या दिवशी सर कोरी वही घेऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मुद्दा असा आहे, की अभ्यासक्रम काय?"

"हे काय मॅट्रिक हाय का?" काका म्हणाले. "वही ठेवा बाजूला. आधी फुंका."

शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आम्ही जायला लागलो. मीही शिकत होते, पण माझं सांगायचं कारण नाही. सर शिकत होते ते बघण्यासारखं होतं. काका काही समजावून सांगायचे नाहीत. ते करायचे, आपण बघायचं. मग आपण करायचं आणि त्यांनी तोंड वाकडं करायचं, एवढीच त्यांची शिकवण्याची तऱ्हा. उभी हयात खडू घेऊन समजावून सांगण्यात गेलेल्या माणसाला हे फार जड गेलं. "पण का?" असं त्यांनी विचारलं की काका म्हणत, "हाताला इचारा."

बरेच महिने तांबंच हातात होतं. भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढायची, एका भोकातून ओढली की त्याहून लहान भोकातून. तापवायची, मऊ करायची, पुन्हा ओढायची. तार तुटली की काका कौतुकानं म्हणायचे, "वा, मास्तर, लई ताकद हाय." मग चांदी हातात आली. तार वळवून वळं करायचं आणि त्याची दोन तोंडं झाळायची, म्हणजे टाकणखार लावून, मध्ये हलक्या चांदीचा कण ठेवून, फुंकणीच्या ज्योतीनं असं तापवायचं की कण वितळेल पण वळं वितळणार नाही. या दोन्हींमधलं अंतर फार थोडं असतं. सरांचं पहिलं वळं बघता बघता लाल झालं, चकाकलं आणि गोळी होऊन बसलं.

काकांनी गोळी निवू दिली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. "घ्या मास्तर, तुमची पृथ्वी."

सरांनी ती खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात बुध ग्रह म्हणून दाखवली.

एकदा एक भाजीवाली बाई जोडवी सैल झाली म्हणून आली. काका अशा वेळी मांडीवर फडकं टाकून तिथंच बाईचा पाय ठेवून घेत आणि बोटातच जोडवं दाबून बसवत. त्या दिवशी त्यांनी चिमटा सरांच्या हातात दिला. सर नुसते बघत राहिले. मोठ्या घरातला माणूस. त्यांच्याकडं लग्नात मामा तबक पुढं करायचा आणि घालायचं काम सोनार करायचा. त्या बाईनं सरांना ओळखलं, तिचा मुलगा आमच्याच शाळेत होता. तिनं झटकन पाय मागं घेतला. "नाय बाई, गुरुजींच्या मांडीवर पाय? पाप लागंल मला."

"आज हा गुरुजी नाय, माझा शागिर्द हाय," काका खेकसले. "दे पाय."

सरांनी फडकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. त्यांचे कान लाल झाले होते. पण जोडवं त्यांनी नीट बसवलं, आणि ती बाई उठून जाताना चार पावलं चालून बघून म्हणाली, "ब्येस झालं, गुरुजी." त्या दिवशी परत येताना रस्ता पहिल्यांदाच बरोबर सापडला.

आणि मग एका रविवारी त्यांचा सांधा जमला. वळं बंद झालं आणि कुठं जोडलंय ते दिसेना. काकांनी ते उजेडात फिरवलं, नखानं चाचपलं आणि म्हणाले, "चाललं." काकांच्या तोंडून एवढं म्हणजे पद्मश्रीच. सोमवारी सरांनी ते वळं शाळेत आणलं. शिपायापुढं धरलं, "शोध सांधा." मुख्याध्यापकांपुढं धरलं, "शोधा सांधा, साहेब." आठवीच्या वर्गात ते बाकांवरून फिरलं. कुणालाच सापडला नाही. त्यांचा चेहरा त्या दिवशी असा फुलला होता की त्या माणसाचा ताठा, हट्ट सगळं विसरून मला त्यांच्याबद्दल नुसती माया वाटली.

पण तिथंच त्यांचं आणि काकांचं वाजलं. सुनीतासाठी जोडवी करायला घेतली तेव्हा काका म्हणाले, "जोडवं खालून उघडं ठेवा. दाबता येतं, सैल करता येतं. आन् मापाचं काय केलंत?"

माप सरांनी स्वतःच्या मुलीच्या बोटाचं घेतलं होतं. आक्काकडं माप मागणार कसं? "आतेबहीण-मामेबहीण. एकाच घराण्याची बोटं," ते म्हणाले. "आणि उघडं कशाला ठेवू? उघडं तर कुणीही वाकवील. मी झाळायला शिकलोय ना?"

"शिकलात म्हणून काय झालं? लागंल तिथं झाळायचं."

सर ऐकेनात. पेपरात विचारलेलं नसलं तरी पाठ केलेलं सगळं उत्तरात लिहून येणारी मुलं असतात, त्यांना सर स्वतः गुण कापायचे. आता तेच तसे वागत होते, आणि हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. जोडवी झाली. जाड, गोल, वर बारीक दाण्यांची नक्षी, आणि सांधा शोधून सापडणार नाही अशी.

लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. मामाकडं पत्रिका घरच्या माणसानं अक्षता घेऊन आणायची असते. पाकिटावरचा पत्ता बघत सर म्हणाले, "पोस्टानं का होईना." जोडवी या खेपेला कुणाच्या हाती पाठवायची नाहीत, हे त्यांचं ठरलेलं होतं. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, मला आणि काकांनाही बरोबर घेतलं. "चार परकी माणसं असली म्हणजे निदान दारातून तरी परत लावणार नाहीत," असं त्या मला म्हणाल्या.

त्या लग्नानंतर सर लवकरच निवृत्त होऊन गावी राहायला गेले, आणि मीही शाळा बदलली. पुढं एकदोनदा बाजारात धावती भेट झाली तेवढीच. त्यामुळे सर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशीचेच येतात.

जीपमध्ये ते फेटा बांधून बसले होते. एक हात सारखा खिशावर. मांडवाच्या दारात आक्का भेटली. ठेंगणी, सावळी, आणि नाक अगदी सरांचं. वहिनींना म्हणाली, "या." मला आणि काकांना पाणी दिलं. सरांकडं नुसतं बघितलं. शेजारच्या एका म्हातारीनं "हे कोण?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "वाळूजचे पाहुणे." सरांनी ते ऐकलं. ते मांडवात खुर्चीवर जाऊन बसतील असं मला वाटलं, पण ते बायकांच्या गर्दीतून आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तिथं सुनीता नटून पाटावर बसली होती. सरांनी खिशातून जोडवी काढली.

"दुकानातली?" आक्कानं विचारलं.

"नाय. मी केलीत."

"तू?"

"या उदावंतकाकांपाशी शिकलो."

आक्कानं एक जोडवं उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेडात फिरवून बघितलं. बराच वेळ. मग ते सरांच्या हातात परत ठेवलं आणि बाजूला झाली. घाल म्हणाली नाही, घालू नको असंही म्हणाली नाही.

सर खाली बसले. सुनीताचा पाय मांडीवर घेतला. जोडवं बोटात सरकवलं आणि ते पेरापाशी अडलं.

सुनीताचा पाय रुंद होता, शेतात चाललेला. कुणी तेल आणलं, कुणी साबण. सरांनी हलक्या हातानं फिरवून बघितलं, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी ते काढून घेतलं. "मापाचं नाय," कुणीतरी मागं पुटपुटलं. "एवढ्या वरसांनी आला आन्..." दुसरी म्हणाली आणि थांबली. बाहेर लाउडस्पीकरवरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं."

काका उठले. त्यांची अवजारांची थैली बरोबरच होती. सर म्हणाले, "काका, बसा. फक्त कातर द्या."

त्यांनी जोडवं उलटं धरलं. सांधा कुठं आहे हे त्या खोलीत त्यांना एकट्यालाच माहीत होतं. बरोबर तिथंच त्यांनी कातर लावली आणि दाबली. कट्ट असा आवाज झाला. काकांनी तोंडच फिरवलं. दुसऱ्याचंही तसंच. मग सरांनी तोंडं जरा फाकवली, जोडवं सुनीताच्या बोटात चढवलं, दाबलं. बसलं.

"झालं की, उठ आता," म्हणत बायका सुनीताला उठवायला लागल्या. सरांनी पाय सोडला नाही. कापलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि जोडवं पुन्हा काढलं. "काका, कानस."

"ऱ्हाऊ द्या, मामा. चालतंय," सुनीता हळूच म्हणाली.

"टोचंल. चालायचंय तुला."

ते कानस मारायला लागले. घाईनं नाही, काकांच्या खोलीत रविवारी सकाळी मारायचे तशीच. लाउडस्पीकर पुन्हा ओरडला. आक्का इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली, खाली बसली आणि कुणी पोरीला उठवू नये म्हणून सुनीताची टाच दोन्ही हातांनी धरली. सरांच्या आणि तिच्या डोक्यात वीतभर अंतर राहिलं. चांदीचा चुरा सरांच्या मांडीवर पडत होता.

तेवढ्यात दारात वरपक्षाकडचा एक वडीलधारा माणूस आला. घामाघूम झालेला. "मुहूर्त टळायला लागलाय, बाई. मामा नसंल आला तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा पोरीला घेऊन."

आक्कानं हातातली टाच सोडली नाही. मान तेवढी वळवली आणि मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसरं कुणी कशापायी? माझा भाऊ आलाय. पोरीला जोडवी घालतोय. भटजीला म्हणावं, जरा दम धर."

कानस थांबली. सरांनी वर बघितलं नाही. फेटा खाली झुकलेला, मिशीवरून ओघळलेलं काहीतरी त्यांनी बाहीनं पुसलं, आणि मग ते दुसऱ्या जोडव्याच्या कडेला लागले.